घर तुमचं, म्हणून मजुरी कमी?

या वेळी घरी बसून नगावर काम करणाऱ्यांची पत्रं एकत्र घेतली आहेत. कुणाचंही नाव छापलेलं नाही. तशी विनंती प्रत्येकीने केली होती, आणि त्यामागची भीती मला चांगली ठाऊक आहे.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी गेली अकरा वर्षं घरी कपड्यांना हूक लावण्याचं आणि सुटे धागे कापण्याचं काम करते. माल देणारे भाऊ कारखान्यातून गठ्ठे आणतात, दोन दिवसांनी घेऊन जातात. मागच्या महिन्यात त्यांनी नगामागचा दर कमी केला. विचारलं तर म्हणाले, "वहिनी, तुम्ही घरातच असता. जायचं नाही, यायचं नाही, घरकाम करता करता चार हूक लावायचे. कारखान्यातल्या बाईचा हिशोब तुम्हाला कसा लावणार?" शिवाय दर शंभरात दहा-बारा नग 'खराब' म्हणून मजुरीतून कापतात आणि ते परतही देत नाहीत. खरा मालक कोण, हे मला आजवर कळलेलं नाही. घरचे म्हणतात, वरखर्चाचे पैसे आहेत, उगाच वाद नको. मला काही हक्क आहे का, की हे खरोखरच फावल्या वेळचं काम आहे?

उत्तर : फावल्या वेळचं काम ज्याच्या त्याच्या सोयीने होतं. तुमच्या कामाला दोन दिवसांची मुदत आहे, नगांची संख्या ठरलेली आहे, टाका कुठे आणि किती घालायचा हे दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं आहे. अकरा वर्षं तुम्ही कारखान्याचंच काम करता आहात. कारखान्याने एक बैठक, एक दिवा आणि डोक्यावरचं छप्पर तेवढं वाचवलं आणि ते तुमच्या घरातून घेतलं.

माझी आई कपड्यांना बटणं लावायची. शाळेतून आले की माझं पहिलं काम ठरलेलं : बारा सुयांत दोरा ओवून त्या कापडी गोळ्याला ओळीने टोचून ठेवायच्या, म्हणजे रात्री तिला डोळे ताणून सुई ओवत बसावं लागायचं नाही. नग मोजून वीस-वीसचे गड्डे बांधणं हेही माझ्याकडेच होतं. एकदा शाळेचा फॉर्म भरायचा होता. लिहायला सपाट जागा नव्हती म्हणून मी तो कापडाच्या गठ्ठ्यावरच ठेवला आणि 'आईचा व्यवसाय' या रकान्यात 'काही नाही' असं लिहिलं. काय लिहू म्हणून विचारल्यावर आईनेच तसं सांगितलं होतं, आणि सांगताना तिचा हात थांबलेला नव्हता. त्या दोन शब्दांचं मला आजही वाईट वाटतं. जगभर असेच फॉर्म भरले जातात, म्हणून या कामाची मोजदाद इतकी वर्षं नीट झालीच नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने पुढे जो अंदाज काढला, त्यात २०१९ साली घरून काम करणारी माणसं सुमारे २६ कोटी निघाली, म्हणजे जगातल्या एकूण काम करणाऱ्यांपैकी ७.९ टक्के. त्यात बायका १४ कोटी ७० लाख. तुम्ही एकट्या नाही, हे आधी मनाशी पक्कं करा.

आता हक्काकडे येते. याच संघटनेने जून १९९६ मध्ये जिनिव्हात घरकामगारांसाठी खास करार केला, क्रमांक १७७. (हा घरकामगार म्हणजे दुसऱ्यांकडे धुणीभांडी करणारा नव्हे. आपल्या घरी बसून दुसऱ्यासाठी माल तयार करणारा.) त्यातली व्याख्या तुमच्या माल देणाऱ्याला वाचून दाखवावी अशी आहे. स्वतःच्या घरात किंवा मालकाच्या कामाच्या जागेबाहेर, मोबदला घेऊन, मालकाने सांगितलेली वस्तू किंवा सेवा जो तयार करतो तो घरकामगार. सुई कुणाची, दोरा कुणाचा, मशीन कुणाचं, याने काही फरक पडत नाही. स्वतंत्र धंदेवाईक म्हणावं इतकी मोकळीक आणि आर्थिक स्वातंत्र्य ज्याला आहे, तेवढाच यातून वगळला आहे. तुम्ही स्वतः दर ठरवता का? गिऱ्हाईक निवडता का? नाही ना? मग तुम्ही कामगार आहात.

करारासोबत एक शिफारसही आहे, क्रमांक १८४. तिच्यात "कारखान्यातल्या बाईचा हिशोब तुम्हाला कसा" या प्रश्नाचं उत्तर सरळ दिलेलं आहे. नगावरचा दर हा त्याच मालकाच्या कारखान्यात तेच काम करणाऱ्याला जे मिळतं त्याच्या तोडीचा असावा. तिथे तसा कामगार नसेल, तर त्या भागातल्या त्याच धंद्यातल्या दुसऱ्या कारखान्यातला दर धरावा. वीज, पाणी, निरोपानिरोपीचा खर्च, मशीनची देखभाल यांची भरपाई वेगळी द्यावी. आणि मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पुढचं वाक्य : माल सोडणं, निवडणं, बांधणं, अवजार बदलणं, यात जाणाऱ्या वेळेचाही मोबदला द्यावा.

हा वेळ कुणीच मोजत नाही, आपणही नाही. म्हणून तुम्हाला एक काम सांगते. पुढचा गठ्ठा आला की घड्याळ समोर ठेवा आणि गाठ सोडल्यापासून वेळ लिहा. समजा शंभर नग आहेत आणि एका नगाला हूक लावून धागे कापायला ३ मिनिटं लागतात. माल देणारा एवढंच धरतो : ३०० मिनिटं, म्हणजे आठ तासांत १६० नग. पण गठ्ठा सोडून पसरायला १० मिनिटं गेली. मोजून मापांप्रमाणे वेगळे करायला १५. दोरा ओवणं, संपणं, पुन्हा ओवणं यात १५. झालेला प्रत्येक नग उलटून पाहून, घडी घालून गड्डे बांधायला २०. न्यायला आलेल्या माणसासमोर पुन्हा मोजून द्यायला १०. झाली ना वरची ७० मिनिटं? म्हणजे शंभर नगांना ३७० मिनिटं, एका नगाला ३.७, आणि आठ तासांत जेमतेम १३० नग. दिवसाच्या किमान मजुरीला १६०ने भागून तुमच्या नगाचा दर काढला, तर तुमच्या घामाचा जवळजवळ पाचवा हिस्सा हिशोबातच गळतो. भागायचं १३०ने. त्यात विजेचा आणि दोऱ्या-सुयांचा खर्च वर धरायचा. हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले आहेत. तुमचे तुम्ही काढा, आणि एका गठ्ठ्यावर थांबू नका, निदान पाच गठ्ठ्यांचे काढा. एखाद्या दिवशी हात चालतो, एखाद्या दिवशी मूल आजारी असतं. सरासरीच खरी.

खराब नगांबद्दल. कशाला खराब म्हणायचं हे काम देतानाच ठरलेलं असावं, आणि बिनबुडाची कपात होऊ नये, असं त्याच शिफारशीत आहे. तुम्ही एवढंच म्हणा : "भाऊ, कुठला नग, काय चुकलं ते दाखवा, मी आत्ता दुरुस्त करून देते." नग दाखवत नाही, परत देत नाही आणि मजुरी मात्र कापतो, तर तो नग वाया गेला यावर मी तरी विश्वास ठेवणार नाही. एक हूक चुकला म्हणून कुणी अख्खा कपडा टाकून देत नाही.

याच नाकारण्यावरून आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली एक मोठी गोष्ट सांगितलेली आहे. विडी कामगार घरी विड्या वळून आणून देत होते आणि भविष्य निर्वाह निधीसाठी ते कर्मचारी धरायचे की नाहीत असा वाद होता. ते घरी काम करतात, त्यांच्यावर आमची देखरेख कुठे, हा मालकांचा मुद्दा. न्यायालयाने म्हटलं की आणलेला माल तपासून नाकारण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे, तेच तुमचं नियंत्रण. त्या बायका कर्मचारी ठरल्या. तेव्हा पुढच्या वेळी 'खराब' म्हणून नग बाजूला काढला जाईल, तेव्हा हे लक्षात ठेवा. जो तुमचं काम नाकारू शकतो तो तुमचा मालक आहे. आणि हा विचार त्याच्याही आधीचा आहे. १९४८च्या किमान वेतन कायद्यातल्या कर्मचाऱ्याच्या व्याख्येत, दुसऱ्याने दिलेला माल घरी नेऊन त्यावर काम करून देणारा कामगारही धरलेला होता.

तुमचा खरा मालक कोण, हे तुम्हाला माहीत असणं हा तुमचा हक्क आहे. मालकाचं आणि मधल्या माणसाचं नाव-पत्ता, मजुरीचा दर, तो काढायची पद्धत आणि काम कोणतं, एवढं तरी कामगाराला सांगितलेलं असावं, शक्यतो लेखी. मधला माणूस मजुरी बुडवून गेला, तर ती देण्याची जबाबदारी मालकाचीही असावी, दोघांची मिळून, असंही त्याच शिफारशीत आहे. म्हणून कपड्याच्या आतली चिठ्ठी, गठ्ठ्यावरचा कागद, चलनावरचं नाव दिसेल तसं उतरवून ठेवा. आज उपयोग नसला तरी ठेवा.

आता जे कटू आहे तेही सांगते, नाहीतर मी तुम्हाला फसवल्यासारखं होईल. करार फक्त त्याला मान्यता देणाऱ्या देशांना बांधतो, आणि मान्यता फार थोड्या देशांनी दिली आहे. पहिला देश फिनलंड, १९९८ साली. भारत त्या यादीत नाही. आणि शिफारस तर कुणालाच बांधत नाही, ती दिशा दाखवते. त्यामुळे माल देणाऱ्यासमोर कराराचा क्रमांक म्हटलात आणि त्याने दर वाढवला, असं होणार नाही. पण मागणी करताना आपण भीक मागत नसून आंतरराष्ट्रीय परिषदेत मंजूर झालेलं मागतो आहोत, हे माहीत असलं की आवाज वेगळा निघतो. तो फरक मी डोळ्यांनी पाहिला आहे.

वही आजच घाला. तारीख, किती नग आले, किती गेले, किती नाकारले आणि का, किती वेळ लागला, किती पैसे ठरले, किती हातात आले. जपानमध्ये १९७०च्या कायद्याने घरी काम देणाऱ्यानेच कामगाराला अशी वही द्यायची असते, आणि काय काम दिलं, दर काय, पैसे कधी, हे तिच्यात लिहायचं असतं. आपल्याला कुणी वही देत नाही तर आपली आपण घालू. शक्य असेल तेव्हा माल देणाऱ्याची सही घ्या. सही देत नसेल तर त्याच्यादेखत लिहा, तेवढ्यानेही मोजणी सरळ होते.

प्रश्न : ताई, माझी पत्नी घरी चपलांचे वरचे भाग सोल्युशनने चिकटवून देते. आमची एकच खोली आहे. दीड वर्षाचा मुलगा तिथेच खाली चटईवर असतो. तिला रोज दुपारनंतर डोकं दुखतं आणि आता काही दिवस पायाला मुंग्या येतात. मी म्हणतो थकवा असेल. ती म्हणते वासामुळे. काम सोडणं परवडणार नाही. काय करावं?

उत्तर : दादा, तुमची पत्नी म्हणते ते खरं मानून चला आणि मुंग्यांसाठी तिला या आठवड्यातच डॉक्टरांकडे न्या. नेताना डबा, किंवा डब्यावरच्या कागदाचा फोटो, सोबत घ्या. नुसतं 'अशक्तपणा आहे' असं सांगितलंत तर शक्तीच्या गोळ्या मिळतील. "ती रोज इतके तास हे सोल्युशन वापरते" हे वाक्य डॉक्टरांच्या कानावर पडलंच पाहिजे. अशा चिकटद्रव्यात टोल्युइन, हेक्झेन यांसारखे द्राव असू शकतात. हेक्झेन बरेच दिवस श्वासातून गेलं तर हातापायांच्या नसांना इजा होते आणि तिची सुरुवात मुंग्या आणि बधिरपणानेच होते. लवकर थांबवलं तर सुधारायला वाव असतो, म्हणून घाई करायला सांगते आहे.

मुलाबद्दल तर तुम्ही आजच बदल करा. या द्रावांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते, आणि तुमचं मूल नेमकं तिथेच असतं. ते चटईवर खेळत असताना डबा उघडू नका. मुलगा शेजारी कुणाकडे असेल, किंवा तुम्ही त्याला बाहेर घेऊन बसाल, तेवढ्याच वेळात चिकटवण्याचं काम उरकायचं आणि बाकीचं कापणं, मोजणं, बांधणं नंतर करायचं. काम दाराशी, समोरची खिडकी उघडी ठेवून. मोठा डबा उघडा ठेवण्याऐवजी लागेल तेवढं छोट्या झाकणाच्या भांड्यात काढून घ्या आणि झाकण लावत जा. पेटती शेगडी किंवा दिवा त्याच खोलीत असता कामा नये, कारण ही वाफ पेट घेते. आणि तोंडाला फडकं बांधून वाफ अडत नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

मी काम करायला लागले तेव्हा एका घरी गेले होते. दार उघडताच माझे डोळे झोंबले आणि त्या घरातल्या मुलीने विचारलं, "कसला वास?" तिला येतच नव्हता. वासाची सवय होते, शरीराला विषाची होत नाही.

या सगळ्याची जबाबदारी तुमच्या घरावर का, हा प्रश्न उरतोच. मघाशी सांगितलेल्या शिफारशीप्रमाणे कामातला धोका समजावून सांगणं आणि संरक्षणाची साधनं फुकट देणं मालकाचं काम आहे. जिवाला धोका दिसतो म्हणून रास्त कारणाने काम नाकारलं तर त्याची शिक्षा कामगाराला होऊ नये, असंही तिच्यात आहे. पाण्यावर आधारित चिकटद्रव्यंही असतात. ते द्या म्हणून सांगा. तुम्ही एकटे म्हणालात तर "मग काम नको का?" असं उत्तर येईल. तेच सोल्युशन वापरणारी आणखी घरं तुम्हाला माहीत असतील. त्यांच्याकडेही कुणाला मुंग्या येतात का, ते आधी विचारून या.

प्रश्न : मी पदवीधर आहे. घरी संगणकावर हजारो फोटोंना नावं देण्याचं काम करते, फोटोमागे पैसे. वही-सुईवाल्या बायकांच्या प्रश्नांशी माझा काही संबंध आहे का?

उत्तर : आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१च्या अहवालात घरून काम करणाऱ्यांचे तीन गट धरले : माल तयार करणारे, नोकरीचं काम दूरून करणारे, आणि इंटरनेटवरून तुकड्या-तुकड्याने काम घेणारे. तुम्ही तिसऱ्या गटातल्या. तुमचंही काम नाकारलं जातं, कारण सांगितलं जात नाही, आणि नाकारलेला फोटो बहुधा वापरलाही जात असेल. काम शोधण्यात, सूचना वाचण्यात, चाचण्या देण्यात जाणारा वेळ कुणी मोजत नाही. वरची ७० मिनिटं तुमच्याकडे याच रूपात आहेत. तुम्हीही वही घाला. पडद्यावरचा इतिहास एखाद्या दिवशी खातं बंद झालं की दिसेनासा होतो, म्हणून रोजचा आकडा आपल्याकडे उतरवून ठेवा.

प्रश्न : मी कुणाचा माल घेत नाही. स्वतः कापड आणून पिशव्या शिवते आणि स्वतः विकते. मला मालकच नाही, मग मी हक्क कुणाकडे मागू?

उत्तर : हाच प्रश्न १९७२ साली अहमदाबादमध्ये इला भट्ट यांच्यासमोर आला होता. 'सेवा' ही स्वयंरोजगार करणाऱ्या बायकांची संघटना त्यांनी कामगार संघटना म्हणून नोंदवायला नेली, तेव्हा कामगार खात्याचं म्हणणं पडलं की या बायकांना मालकच नाही, मग त्या भांडणार कुणाशी? इलाबेनचं उत्तर होतं की संघटना कुणाच्या विरुद्धच असली पाहिजे असं नाही, ती कामगारांच्या एकजुटीसाठी असते. नोंदणी त्याच वर्षी एप्रिलमध्ये झाली. त्या बायकांना कामगार म्हणवून घेता आलं, याचं मला फार अप्रूप आहे.

तुमच्या मागण्या मालकाकडे नसतील, पण सरकारकडे आणि नगरपालिकेकडे आहेतच. तुमचं घर हेच तुमचं दुकान आणि कारखाना. छप्पर गळलं तर कापड भिजतं, वीज गेली तर शिलाई थांबते, आणि घर हलवायला लावलं तर गिऱ्हाईकही जातं. म्हणून घराचा, पाण्याचा, विजेचा प्रश्न हा तुमच्यासाठी रोजगाराचाच प्रश्न आहे, आणि तो तसाच मांडा. विक्रीला जागा, कमी व्याजाचं कर्ज, म्हातारपणाची आणि आजारपणाची तरतूद, बाळंतपणातला आधार हे सगळं मागण्यासारखं आहे.

एक मात्र तपासा. तुमच्या पिशव्या वर्षभर एकच दुकानदार घेतो, तोच माप सांगतो, तोच दर ठरवतो, असं असेल तर तुम्ही नावापुरत्या स्वतंत्र आहात. श्रमाच्या आकडेवारीत अशांसाठी २०१८पासून 'अवलंबून असलेले कंत्राटी' असा वेगळा गट केलेला आहे. तसं असेल तर पहिल्या पत्राचं उत्तर तुम्हालाही लागू आहे.

प्रश्न : ताई, तुम्ही सांगता ते पटतं. पण आम्ही तोंड उघडलं की माल दुसऱ्या गल्लीत जातो. मागच्या वर्षी एका बाईने दर विचारला, दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडे गठ्ठा आला नाही. आता कुणी बोलत नाही.

उत्तर : त्या बाईकडे आज कोण जातं? माझा पहिला प्रश्न हा आहे. तिला वाटत असेल की आपण चुकलो. तिच्याकडे जा, तिला सांगा की ती बरोबर होती. पुढचं सगळं इथूनच सुरू होईल.

भीती खोटी नाही. माझ्या आईनेही कधी दर विचारला नाही. एकदा आणणारा म्हणाला, सात नग कमी आहेत. मोजणी मी केली होती आणि ती बरोबर होती. मी बोलायला गेले तर आईने माझा हात दाबला. सात नगांचे पैसे कापून घेऊन तो गेला. ती म्हणाली, "लिहून ठेवलेलं नाही, काय सांगणार?" तेव्हापासून मी लिहायला लागले.

पुढे कितीतरी वर्षांनी आम्ही नऊ जणी जमलो. सभा नव्हती, घोषणा नव्हत्या. प्रत्येकीने आपली तीन महिन्यांची वही आणली होती. एकीला लिहिता येत नव्हतं. तिने शंभर नगांना एक रेघ आणि नाकारलेल्या प्रत्येक नगाला एक ठिपका अशी नोंद ठेवली होती, आणि तिचीच वही सगळ्यांत चोख निघाली. वह्या शेजारी शेजारी ठेवल्या तेव्हा कळलं की एकच माणूस, एकच माल, आणि आम्हाला तीन वेगवेगळे दर. कमी दरवालीला तो सांगे की पलीकडच्या बायका याहून कमीत करतात. पलीकडच्या बायका म्हणजे आम्हीच. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ज्यांना जास्त दर मिळत होता त्यांतली एक म्हणाली, "मी माझा दर झाकून ठेवत होते. मला वाटायचं तुम्हाला कळलं तर माझा जाईल."

आम्ही त्याच्याशी भांडलो नाही. पुढचा माल आला त्या दिवशी नवव्या घरापर्यंत त्याला एकच वाक्य ऐकायला मिळालं : सगळ्यांना वरचा दर द्या, आणि नाकारलेला नग परत द्या. दोन आठवडे माल आला नाही. ते दोन आठवडे फार कठीण गेले, दोघींच्या घरी मोठी भांडणं झाली, आणि एक जण आम्हाला सोडून गेली. तिचा मला राग नाही, तिच्या घरी आजारपण होतं. तिसऱ्या आठवड्यात तो आला. त्याचीही मुदत होती, त्याच्या डोक्यावरही कुणीतरी होतं. वरचा दर आठ जणींना मिळाला. नग परत देण्याचं मात्र त्याने कबूल केलं आणि निम्म्या वेळा पाळलं. सोडून गेलेलीला पुढे आम्हीच बोलावून घेतलं.

म्हणून दुसऱ्या गल्लीची भीती वाटते तर दुसऱ्या गल्लीतच जा. तिथल्या बायकांना तुमच्याविषयी हेच सांगितलं जात असणार. मागणी नंतर, आधी ओळख आणि वह्या. थायलंडमध्ये घरी काम करणाऱ्यांच्या गटांनी वर्षानुवर्षं असाच पाठपुरावा केला, तेव्हा २०१०मध्ये त्यांच्यासाठी वेगळा कायदा झाला. कायदा करणाऱ्यांनाही कुणीतरी आकडे नेऊन दाखवावे लागतात, आणि हे आकडे तुमच्या घराशिवाय दुसरीकडे कुठे नाहीत.

हूक लावणाऱ्या ताई, तुमचे पाच गठ्ठे मोजून झाले की एका नगाला किती मिनिटं पडली ते मला पत्राने कळवा. नाव नको. माल सोडण्यापासून बांधण्यापर्यंतचा आकडा मात्र वेगळा लिहा.